धाकट्या गाडीची पारख

बैलबाजारात रंगवलेली शिंगे आणि पाठीवरची झूल पाहून जाणता शेतकरी भुलत नाही. तो बैलाचे दात बघतो, खूर उचलून बघतो, चार पावले चालवून बघतो. विकणारा राजी असला तर मानेवर जू ठेवून ओझेही ओढवून बघतो. कारण देखणा बैल औताला खाली बसला, तर त्या देखणेपणाचे करायचे काय?

मोटारगाडीची पारखही याच जातीची आहे. ती कशी करतात, तिच्यात काय सापडते आणि काय निसटते, हे एका लहानशा गाडीच्या इतिहासावरून चांगले समजते. ही गाडी म्हणजे इंग्लंडची मिनी, आणि तिच्यातूनच निघालेली तिची चपळ बहीण मिनी कूपर.

गोष्ट सुरू होते सुवेझच्या कालव्यापासून. 1956 साली इजिप्तने हा कालवा राष्ट्राच्या मालकीचा केला, त्यावरून लढाई झाली आणि युरोपला जाणारे तेल अडले. इंग्लंडमध्ये त्या वर्षीच्या डिसेंबरात पेट्रोलचे रेशनिंग आले. लोक जर्मनीहून आलेल्या बुडबुड्यासारख्या चिमुकल्या गाड्या घेऊ लागले. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख लिओनार्ड लॉर्ड यांना काही त्या गाड्या आवडेनात. त्यांनी आपले अभियंते ॲलेक इसिगोनिस यांना सांगितले, की चार माणसे नीट बसतील अशी खरीखुरी लहान गाडी करा. मात्र इंजिन आपल्या कारखान्यात आहे तेच वापरा.

इसिगोनिस मूळचे तुर्कस्तानातल्या स्मर्ना शहरचे. आज त्या शहराला इझमीर म्हणतात. त्यांनी गाडीची लांबी ठरवली अवघी 10 फूट. एवढ्यात चार माणसे आणि सामान बसवायचे, तर यंत्राने अंग चोरायलाच हवे. म्हणून त्यांनी इंजिन आडवे टाकले, गिअरबॉक्स इंजिनच्या पोटाखाली, तेलाच्या टाकीतच बसवला, आणि ताकद मागच्या चाकांना न देता पुढच्या चाकांना दिली. बैल गाडी पुढून ओढतो, मागून ढकलत नाही, तसेच हे. चाके 10 इंची आणि अगदी चार कोपऱ्यांवर. पोलादी स्प्रिंगांच्या जागी रबराचे शंकू, ते ॲलेक्स मोल्टन यांनी योजलेले. हेतू जागा वाचवण्याचा होता. पण चाके कोपऱ्यांवर गेली, वजन हलके राहिले, बूड जमिनीलगत आले, आणि गाडी वळणावर जमिनीला चिकटून धावू लागली. चपळपणा कोणी मागितला नव्हता. तो काटकसरीच्या पोटी जन्मला.

आता परीक्षा. पहिल्या नमुन्याच्या गाड्यांत 948 घन सेंटिमीटरचे इंजिन होते. चाचणीत त्या ताशी 90 मैलांच्या, म्हणजे सुमारे 145 किलोमीटरच्या आसपास पळाल्या. घरगुती गाडीला हा वेग फार, असे ठरले. म्हणून इंजिन 848 घन सेंटिमीटरवर आणले आणि गाडी 2 इंचांनी रुंद केली. पुढे आणखी एक अडचण निघाली. कार्ब्युरेटर इंजिनच्या पुढच्या अंगाला होता. थंड वाऱ्याने त्यात बर्फ धरू लागला. यासारख्या कारणांनी सगळे इंजिन फिरवून उलटे बसवले, म्हणजे कार्ब्युरेटर मागे उबेला गेला. इथवर सगळे ठीक झाले. पण त्यामुळे ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्यूटर पुढे आला, थेट जाळीच्या मागे. ही गोष्ट लक्षात ठेवा.

1958 साली लॉर्ड साहेबांनी स्वतः गाडी चालवून पाहिली. असे सांगतात, की कारखान्याच्या आवारात पाचेक मिनिटे फिरून ते उतरले आणि म्हणाले, वर्षभरात ही विक्रीला आली पाहिजे. 26 ऑगस्ट 1959 रोजी गाडी लोकांपुढे आलीही. किंमत करासकट सुमारे 497 पौंड.

गाड्यांची परीक्षा घेऊन ती छापण्याची रीत इंग्लंडमध्ये तेव्हा जुनी झाली होती. 'ऑटोकार' हे नियतकालिक 1928 पासून ती करीत होते. परीक्षक गाडीच्या मागे सायकलसारखे एक पाचवे चाक जोडीत. गाडीतला वेगदर्शक काटा बहुधा थोडे वाढवून सांगतो. हे चाक मात्र खरा वेग सांगते. गाडी एका दिशेने पळवायची, मग उलट दिशेने, आणि दोहोंची सरासरी काढायची, म्हणजे वारा पाठीशी असल्याचा फायदा धरला जात नाही. थांबलेली गाडी 60 मैलांच्या वेगाला किती सेकंदांत पोचते, ब्रेक दाबल्यावर किती अंतरात थांबते, एका गॅलन पेट्रोलमध्ये किती मैल जाते, हे सारे घड्याळ आणि फीत घेऊन लिहून ठेवायचे. मिनी ताशी सुमारे 72 मैल धावली; 60 मैलांचा वेग गाठायला तिला 27 सेकंद लागले. आकडे साधेच. परंतु वळणे, जागा आणि काटकसर या बाबतींत परीक्षक खूष झाले.

आणि मग पाऊस आला. 1959 चा इंग्लंडमधला उन्हाळा फार कोरडा गेला होता. पाऊस सुरू झाल्यावर गाडीत पाणी शिरू लागले. तळाच्या पत्र्यांचा जोड उलट्या बाजूने घेतला गेला होता, त्यामुळे रस्त्यावरचे पाणी फटीतून आत ढकलले जाई आणि पायाखालचे जाजम भिजून जाई. तो जाळीमागचा डिस्ट्रिब्यूटरही ओला होई आणि गाडी भर रस्त्यात बंद पडे. मिनीबरोबर गुडघाभर रबरी बूट फुकट द्यावेत, अशी थट्टा लोक करू लागले. पुढे कारखान्याने जोड बदलला आणि डिस्ट्रिब्यूटरला आडोसा केला. पण पहिल्या गिऱ्हाइकांनी जो त्रास सोसला तो सोसलाच. परीक्षा कुणी खोटी घेतली नव्हती. ती फक्त कोरड्यात घेतली गेली होती. परीक्षेत जो प्रश्न विचारलाच नाही, त्याचे उत्तर मिळणार कुठून? शिक्षक मंडळींना हे निराळे सांगायला नको.

आता कूपरकडे वळू. जॉन कूपर हे शर्यतीच्या गाड्या बांधणारे गृहस्थ, इसिगोनिस यांचे स्नेही. 1959 आणि 1960 अशी दोन्ही वर्षे त्यांच्या गाड्यांनी फॉर्म्युला वनचे कारखानदारांचे जागतिक विजेतेपद मिळवले होते. मिनी चालवून पाहताच त्यांनी ओळखले, की हिच्या अंगात आहे त्यापेक्षा जास्त सोसण्याची ताकद आहे. इसिगोनिस यांना ही कल्पना प्रथम रुचली नाही. आपली गाडी सामान्य माणसासाठी, शर्यतीसाठी नव्हे, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा कूपर थेट कॉर्पोरेशनचे जॉर्ज हॅरिमन यांच्याकडे गेले आणि 1000 गाड्या करून पाहण्याचे ठरले. सप्टेंबर 1961 मध्ये मिनी कूपर आली.

इथे एक गोष्ट मोलाची आहे. कूपर यांनी इंजिन 997 घन सेंटिमीटरचे केले, दोन कार्ब्युरेटर बसवले, 34 अश्वशक्तीची 55 केली. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही बसवले. साध्या मिनीला ड्रम ब्रेक होते. ड्रम ब्रेक बंद डब्यासारखे असतात. लागोपाठ दाबले की तापतात आणि त्यांची पकड सुटू लागते. डिस्क ब्रेकची चकती उघडी, तिला वारा लागतो, ती लवकर निवते. धावणे वाढवायचे तर थांबणेही वाढवले पाहिजे, हे शर्यतीतल्या माणसाला पक्के माहीत होते. तरीही 10 इंची चाकात मावणारी ती चकती अवघी 7 इंची होती आणि जोराच्या वापराला ती अपुरी पडते असे दिसून आले. म्हणून 1963 मध्ये जी कूपर एस आली, तिच्या 70 अश्वशक्तीच्या इंजिनाबरोबर चकत्याही मोठ्या आणि जाड झाल्या.

परीक्षकांच्या घड्याळाने कूपरला ताशी सुमारे 85 मैलांचा वेग दिला. 60 मैल गाठायला साधारण 17-18 सेकंद. पण घड्याळात न दिसणारी एक गोष्ट त्यांना चालवताना कळली. वळणावर गॅस दाबून धरला तर पुढची चाके गाडीला बाहेरच्या बाजूला नेऊ पाहतात; पाय थोडा उचलला की नाक पुन्हा आत वळते. ही खोड ज्याने ओळखली, त्याच्या हातात गाडी चपळ. ज्याने ओळखली नाही, तो वळणावर घाबरून पाय एकदम काढणार आणि फसणार. म्हणून परीक्षक नवी गाडी आधी सावकाश चालवतो, तिची खोड ओळखतो आणि मगच वेगाला जातो.

सगळ्यांत कडक परीक्षा झाली ती मॉन्टे कार्लोच्या रॅलीत. या स्पर्धेत युरोपच्या निरनिराळ्या शहरांतून निघून, जानेवारीच्या बर्फातून आल्प्सचे घाट ओलांडत समुद्रकाठी तेव्हा पोचायचे असे. 1964 साली पॅडी हॉपकर्क मिन्स्कहून निघाले आणि कूपर एस पहिली आली. दुसऱ्या क्रमांकाला फोर्ड फाल्कन होती, आठ सिलिंडरांची दांडगी गाडी. निव्वळ घड्याळाने पाहिले तर फाल्कन घाटांत जास्त वेगवान होती. पण इंजिनाच्या आकाराप्रमाणे गुण देण्याची पद्धत होती, तिच्यात लहान गाडी सरस ठरली. कुणी म्हणेल, हा नियमांचा खेळ. पण 1965 साली इतका बर्फ पडला, की निघालेल्या दोनशेहून अधिक गाड्यांपैकी पस्तीसच्या आसपास गाड्या शेवटास पोचल्या. त्यांत मिनीचे टिमो मॅकिनेन पहिले आले आणि वाटेत त्यांचा एकही गुण कापला गेला नाही.

1966 मध्ये पहिले तिन्ही क्रमांक मिनींचे होते. पण पुढच्या दिव्यांतले बल्ब नियमाप्रमाणे नाहीत, असे म्हणून त्या गाड्या बाद ठरवल्या गेल्या आणि विजय फ्रान्सच्या सिट्रोएन गाडीला मिळाला. फार मोठा गदारोळ झाला. पुढच्याच वर्षी, 1967 मध्ये, राउनो आल्टोनेन यांनी मिनीतच ती रॅली जिंकली. परीक्षकाचे नियम आधी स्पष्ट नसले, तर निकालावर कोणाचा विश्वास बसत नाही, हेही या प्रकरणातून दिसले.

जुनी मिनी ऑक्टोबर 2000 मध्ये बंद झाली. तोवर 53 लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या. आपल्याकडे ती कधी घरोघर आली नाही. पण आपल्या ओळखीची अँबॅसेडर ज्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घडवली गेली, ती ऑक्सफर्ड याच ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची. म्हणजे हे घराणे आपल्याला अगदीच परके नाही.

तेव्हा मंडळी, गावात कोणी नवी किंवा जुनी गाडी घेत असेल आणि 'ट्रायल'साठी तुम्हाला सोबत नेत असेल, तर दुकानापुढच्या गुळगुळीत डांबरी सडकेवर एक चक्कर मारून समाधान मानू नका. घरातली जेवढी माणसे रोज बसणार तेवढी बसवा. आपल्या गावच्या खडीच्या रस्त्यावर न्या. मोकळ्या जागी, मागेपुढे कोणी नाही असे पाहून, चारपाचदा लागोपाठ ब्रेक दाबून बघा. पाचव्या वेळी पाय खोल जातो का, गाडी एका अंगाला ओढते का, ते पाहा. पळते किती हे विकणारा आपणहून सांगेलच; थांबते कशी हे आपण पाहायचे. आणि जमले तर पावसाच्या दिवशी जा. नाहीतर पाण्याची बादली तरी सोबत न्या, आणि पायाखालचे जाजम उचलून बघा.