मुंबईच्या एका जहाजाचें अंतरंग

गोवंडी स्टेशनावर उतरून ट्रॉम्बेची वाट धरली कीं वस्तीची दाटी न सरतांच खाडीचा वास येऊं लागतो. उपनगरांतील आपणांपैकीं बहुतेकांना ही खाडी ठाऊक असते ती वाशीच्या पुलावरून, लोकलच्या खिडकींतून ओझरती दिसलेली. ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यांत मात्र ती घराच्या उंबरठ्याशीं आहे. पावसाळ्यांत मासेमारी बंद असते त्या दिवसांत तेथें होड्या वर ओढून ठेवतात, आणि नारळी पौर्णिमेपूर्वीं त्यांची डागडुजी व रंगरंगोटी चालते.

अशाच एका होडीजवळ मी एकदां उभा होतों. होडी जुनी, लांकडी. मागच्या बाजूस एक खोली, आपल्या घरांतील कपड्यांच्या कपाटाहून फारशी मोठी नाहीं अशी. तिच्यांत चूल, पाण्याचें पिंप, देवाच्या तसबिरीची जागा आणि दोन माणसांनीं पाय आंखडून निजावें एवढी फळी. नाखवा व त्याचा मुलगा मिळून ती आंतून नवी करीत होते. कुजलेल्या फळ्या निघाल्या होत्या, त्यांच्या जागीं प्लायवुड बसत होतें. तसबिरीचा खिळा मात्र नेमका जुन्या ठिकाणींच पुन्हा मारला गेला. मीं सहज विचारलें, “नाखवा, ही खोली पहिल्यापासून अशीच होती का हो?” तो हंसला. बापाच्या वेळीं होडीला खोलीच नव्हती, यंत्र बसविलें तेव्हां खोली आली, असें म्हणून त्यानें पुन्हा ब्रश हातीं घेतला.

जुनी नौका आंतून नवी करावयाची ती कोणत्या काळासारखी, हा प्रश्न त्या नाखव्याला पडत नाहीं. कारण त्याला तींत बसून समुद्रावर जावयाचें असतें. पण मुंबईंतच बांधलेल्या एका जहाजाच्या बाबतींत हाच प्रश्न इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर पुष्कळ माणसांना दहा वर्षांहून अधिक काळ पुरला. त्या जहाजाची, आणि विशेषतः त्याच्या आंतल्या खोल्यांची, हकीकत आज मला सांगावयाची आहे.

जहाजाचें नांव त्रिंकोमाली. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ सालीं सुरतेहून मुंबईस आले, तेव्हांपासून त्यांच्या घराण्यानें येथील गोदींत पिढ्यान्‌पिढ्या जहाजें बांधलीं. त्रिंकोमालीच्या वेळीं लवजींचे नातू जमशेटजी बमनजी हे मुख्य बांधणारे होते. १८१० चें ‘मिंडेन’ आणि १८१३ चें ‘कॉर्नवॉलिस’ हीं मोठीं लढाऊ जहाजें त्यांच्याच देखरेखीखालीं तयार झालेलीं. त्यांपैकीं ‘कॉर्नवॉलिस’वर पुढें १८४२ सालीं इंग्रज व चिनी यांच्यांतील नानकिंगच्या तहावर सह्या झाल्या.

त्रिंकोमालीची मागणी १८१२ सालच्या ऑक्टोबरांत नोंदली गेली. तिचे नकाशे घेऊन ‘जावा’ नांवाची फ्रिगेट हिंदुस्थानाकडे निघाली, आणि त्याच वर्षाच्या २९ डिसेंबर रोजीं ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’नें तिचा निकाल लावला. नकाशे बुडाले, ते नव्यानें पाठवावे लागले. त्या ‘जावा’वर मुंबईस सेनापति म्हणून येण्यास निघालेले टॉमस हिस्लॉप हे होते. कैदेंत पडून सुटलेले हेच हिस्लॉप पांच वर्षांनीं, २१ डिसेंबर १८१७ रोजीं, महिदपुरास होळकरांच्या फौजेसमोर उभे राहिले! हें थोडें विषयांतर झालें. पण मराठी माणसास तें टाळवत नाहीं. कारण त्रिंकोमाली पाण्यांत उतरली ती १२ ऑक्टोबर १८१७ ला, आणि खडकीची लढाई झाली ५ नोव्हेंबरला. मुंबईच्या गोदींत हें सागवानाचें काम हातावेगळें होत असतां पुण्यास पेशवाईचे दिवस भरत आले होते.

लांकूड मलबारचें. ओक आणि साग यांत जहाजबांधणीच्या दृष्टीनें मोठा भेद असा कीं, ओकच्या अंगच्या आम्लानें लोखंडी खिळे खाल्ले जातात. सागाच्या अंगचें तेल त्यांना राखतें. तळाचा कणा बसवितांना पारशी रिवाजाप्रमाणें त्यांत रुप्याचा खिळा ठोकण्यांत आला होता.

आतां आंत चलावें. सुमारें १५० फूट लांब आणि ४० फूट रुंद अशा या जहाजांत तीनशेंच्या आसपास माणसें राहावयाचीं. उघड्या मजल्याखालीं तोफांचा मजला. तेथें अठरा पौंडी गोळा फेंकणाऱ्या अठ्ठावीस तोफांची योजना. याच मजल्याच्या मागच्या टोंकाला कप्तानाच्या खोल्या, पाठीमागें खिडक्यांची ओळ, त्यांतून पाण्याचा उजेड छतावर हालतो. त्याखालचा मजला खलाशांचा. तेथें तुळया इतक्या खालीं कीं उंच माणसाला मान वांकवूनच चालावें लागतें. दिवसां तुळयांच्या मधोमध टांगलेलीं मेजें, रात्रीं त्याच तुळयांना अडकविलेल्या किंतानाच्या झोळ्या. त्या काळच्या इंग्रजी आरमारांत एका झोळीस चौदा इंच रुंदी देण्याचा प्रघात होता. अर्धे लोक पहाऱ्यावर असल्यामुळें जागा दुप्पट होई, हाच काय तो दिलासा. मुंबईच्या चाळींत एका खोलींत दहा माणसें निजलेलीं ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांना ही कल्पना अवघड वाटूं नये. अधिकाऱ्यांच्या खोल्या याच मजल्यावर मागें, पेटीसारख्या लहान.

कप्तानाचें दालन पाहून वाटतें, हें तरी कायमचें असेल. पण त्यांतही तोफा असत, आणि मेज-खुर्च्या त्यांच्या कडेकडेनें मांडलेल्या. लढाईची वर्दी झाली कीं लांकडी आडभिंती काढल्या जात, बिछाने व पेट्या तळांत रवाना होत, आणि थोड्याच वेळांत सबंध मजला या टोंकापासून त्या टोंकापर्यंत मोकळा होई. ज्या जागीं सकाळीं कप्तान न्याहारी करीत होता तेथें दुपारीं तोफ मागें उसळे. म्हणजे लढाऊ जहाजांत खोली ही वस्तु मुळींच तात्पुरती. कणा, बरगड्या, तुळया हें खरें जहाज. खोल्या म्हणजे त्यावर घातलेले कपडे. जुन्या जहाजाचें अंतरंग ‘मूळचें’ करावयाचें म्हटलें कीं पहिली अडचण येते ती येथें.

दुसरी अडचण त्रिंकोमालीच्या स्वतःच्या नशिबाची. १८१९ च्या एप्रिलांत ती पोर्टस्मथला पोहोंचली. वाटेंत सेंट हेलिना बेटावर थांबली असतां, नेपोलियनला तपासणारा शस्त्रवैद्य जॉन स्टोको तिजवर चढून स्वदेशीं गेला. या एकाच सफरीनंतर तिला राखीव ठेवण्यांत आलें. युरोपांतलें युद्ध संपलें होतें, फ्रिगेटींना काम उरलें नव्हतें. वर छप्पर घालून ती पंचवीसांहून अधिक वर्षें बंदरांत उभी राहिली. मुंबईच्या सुतारांनीं केलेल्या खोल्यांत संसार असा जवळजवळ झालाच नाहीं! पुढें तिच्या तोफा कमी केल्या, शेपटाचा भाग गोलसर केला आणि १८४७ सालीं तिला पुन्हा समुद्रावर धाडलें. अमेरिकेच्या पूर्वेकडील पाण्यांत व नंतर प्रशांत महासागरांत तिनें दहा वर्षें काढलीं. क्रिमियाच्या युद्धाच्या वेळीं ती प्रशांतांतच होती. १८५७ सालीं ती परतली आणि लढाऊ जहाज म्हणून तिचें काम संपलें. मग खलाशांना कवाईत शिकविण्यासाठीं तिचा उपयोग झाला. त्यांत कांहीं वर्षें हार्टलपूल येथेंही ती होती. १८९७ सालीं ती मोडीच्या भावानें विकली गेली.

तेथें एका श्रीमंत गृहस्थानें तिला वांचविलें. व्हीटली कॉब यांनीं मुलांना समुद्राचें शिक्षण देण्यासाठीं ‘फूद्रोयां’ हें नेल्सनच्या वापरांतलें जुनें जहाज घेतलें होतें. तें १८९७ च्या जूनमध्यें ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळांत फुटलें. त्याच्या जागीं कॉब यांनीं त्रिंकोमाली विकत घेतली आणि तिला गेलेल्या जहाजाचें नांव दिलें. त्या परक्या नांवानें ती १९८६ सालापर्यंत मुलांची शाळा होऊन राहिली. आंत वर्ग झाले, स्वयंपाकघर झालें; झोळ्या मात्र होत्या तशाच, आणि त्यांत दोन-तीन पिढ्यांचीं मुलें निजलीं.

१९८७ सालीं तिला हार्टलपूलला आणलें. या गांवच्या जहाजबांधणीच्या गोद्या १९६० नंतर बंद पडल्या होत्या. पण १८६० चें ‘वॉरियर’ हें लोखंडी जहाज दुरुस्त करून त्याच वर्षीं तेथून पोर्टस्मथला गेलें होतें, त्यामुळें कसबी हात हाताशीं होते. काम १९९० च्या सुमारास सुरू झालें आणि २००१ सालीं पुरें झालें. खर्च एक कोटी पौंडांच्या वर गेला. १९९२ सालीं तिला तिचें मुंबईचें नांव परत मिळालें.

आपल्यापैकीं ज्यांनीं जुनें घर दुरुस्त करविलें आहे त्यांना अनुभव असेल: भिंत खरवडूं लागावें तों हिरव्या रंगाखालीं पिवळा, पिवळ्याखालीं निळा, आणि सर्वांखालीं आजोबांच्या वेळचा चुना. कोठें थांबावयाचें? चुन्यापर्यंत गेलें तर वडिलांचा काळ पुसला जातो. त्रिंकोमालींत असेच थर होते. हार्टलपूलच्या मंडळींनीं शाळेचा थर काढून आरमाराचा काळ उभा करण्याचें ठरविलें. तोफांचा मजला मोकळा झाला, कप्तानाचें दालन सजलें, खालीं मेजें व झोळ्या टांगल्या गेल्या. शेपूट मात्र १८४७ च्या वेळचें गोलसरच राहिलें, तें मागें नेलें नाहीं. जेथें जुनें सागवान धड होतें तेथें तें राखलें. अर्ध्याहून अधिक जहाज अजून मूळच्या लांकडाचें आहे.

या निर्णयाविषयीं माझें मन एका बाजूस ठरत नाहीं. नुसता हिशेब केला तर तो अन्यायाचा दिसतो. लढाऊ जहाज म्हणून तिची नोकरी दहा वर्षांची; मुलांची शाळा म्हणून जवळजवळ नव्वद वर्षांची. आज जो प्रेक्षक तिच्या खोल्यांतून फिरतो त्याला त्या दहा वर्षांचाच थाट दिसतो. ज्या बांकांवर बसून मुलें दोराच्या गांठी शिकलीं त्यांना कोणी ‘ऐतिहासिक’ म्हटलें नाहीं, कारण ते अगदीं कालचे होते. कालच्या वस्तूंविषयीं आपण सर्वच निष्ठुर असतों. माळ्यावरचें सामान काढतांना आजीचा तांब्या ठेवतों आणि आईचा स्टोव्ह भंगारांत देतों.

परंतु दुसरी बाजूही आहे, आणि ती आपल्या मुंबईकरांच्या लाभाची आहे. ते वर्ग, ती रंगाचीं पुटें, त्या मागाहून घातलेल्या फळ्या निघाल्या म्हणूनच जमशेटजींच्या हाताखालच्या सुतारांचें काम उघडें पडलें. कपडे उतरले तेव्हां हाडें दिसलीं. त्या तुळयांवर हात ठेवणाऱ्यास आज जें लागतें तें येथल्या गोदींत तासलेलें लांकूड आहे. ज्या गोदींत तें तासलें गेलें ती आरमाराच्या हद्दींत असल्यामुळें तुम्हांआम्हांस सहसा पाहावयास मिळत नाहीं.

आणि घरचें उदाहरण? ‘विक्रांत’ ही आपली विमानवाहू नौका १९६१ सालीं आरमारांत दाखल झाली, १९७१ च्या युद्धांत लढली, १९९७ सालीं निवृत्त झाली. कांहीं वर्षें तिजवर संग्रहालय होतें. मीही त्या अरुंद जिन्यांवर डोकें आपटून घेतलें आहे. २०१२ सालीं तें बंद झालें आणि २०१४ सालीं दारूखान्यास तिची मोडतोड सुरू झाली. एवढी थोरली पोलादी नौका राखण्याचा खर्च लांकडी फ्रिगेटीच्या कितीतरी पट, हें खरें. तरी वाईट वाटावयाचें तें वाटतेंच. रे रोडच्या दारूखान्यांत मोडलेल्या जहाजांच्या खोल्यांचें सामान विकावयास येतें: कपाटें, गोल खिडक्या, आरसे, कडीसकट दरवाजे. उपनगरांतल्या एखाद्या दिवाणखान्यांत पितळी कांठाची गोल खिडकी आरसा होऊन टांगलेली दिसते ती तेथूनच आलेली असण्याचा संभव फार.

त्या दिवशीं ट्रॉम्बेस नाखव्याला मीं त्रिंकोमालीची हकीकत थोडक्यांत सांगितली. “दोनशें वर्षांचें सागवान?” एवढेंच त्यानें दोनदां विचारलें. मग थोड्या वेळानें म्हणाला, “आणि आतां तिच्यावर राहतो कोण?” मीं सांगितलें, राहत कोणी नाहीं; दिवसां लोक तिकीट काढून येतात, कप्तानाच्या खोलींत डोकावतात आणि जातात. तो त्यावर कांहीं बोलला नाहीं. आंतल्या भिंतीला बोट लावून त्यानें पाहिलें. रंग ओलाच होता. मुलगा तसबीर घेऊन उभा होता, त्याला त्यानें ती दुसऱ्या दिवशीं लावावयास सांगितलें.