लिस्बनची भुताची गाडी

गोव्यात फेस्ताला जो बाजार भरतो त्याला आम्ही 'फेरी' म्हणतो. हा शब्द पोर्तुगीज 'फैरा'वरून आला हे मला ठाऊक होते. पण अस्सल 'फैरा' पाहिली ती १९९६ च्या उन्हाळ्यात, लिस्बनला. पोर्तुगीज भाषेच्या अभ्यासक्रमासाठी मी चार महिने तिथे गेलो होतो. आईचे चुलतभाऊ तिथेच स्थायिक. वैद्यकीय शिक्षणासाठी १९५८ साली बोटीने गेले ते तिकडचेच झाले. पहिल्याच शनिवारी मामांनी विचारले, "भुताक भियेता रे?" मी चांगला एकोणतीस वर्षांचा घोडा. हसलो. "तर मग चल," म्हणाले.

मेट्रोने एन्त्रेकाम्पुशला उतरलो. स्टेशनाबाहेर पाऊल टाकले आणि भाजलेल्या तारल्यांचा धूर नाकात गेला. दिव्यांची कमान, पाळणे, कोंबडी भाजणारी खानावळ, लाऊडस्पीकर... आणि कोपऱ्यात 'कोंबॉयु फांताझ्मा'. म्हणजे भुताची आगगाडी.

या जत्रेचे नाव 'फैरा पोपुलार'. ती सुरू झाली १० जून १९४३ रोजी, पाल्याव्हा भागातल्या बागेत. आज तिथे गुल्बेंकियन प्रतिष्ठानची वास्तू आणि संग्रहालय आहे. जत्रा भरवली होती 'ओ सेकुलु' या दैनिकाने, आणि कारण मोठे छान होते. गरिबांच्या मुलांना उन्हाळ्यात समुद्रकिनारी नेऊन ठेवण्यासाठी या वृत्तपत्राने इश्तोरिलजवळ एक वसाहत चालवली होती. तिच्या खर्चासाठी ही जत्रा. म्हणजे लिस्बनकर पाळण्यात बसून किंचाळायचा आणि त्याच्या पैशांतून कुठले तरी फाटके पोर जन्मात पहिल्यांदा लाटेत पाय भिजवायचे. पुढे पाल्याव्हाची जागा सोडावी लागली आणि १९६१ साली जत्रा एन्त्रेकाम्पुशला आली.

१९६१! गोवेकराला हे साल काय सांगायला हवे? त्याच वर्षी १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. इकडे आपण आनंदात होतो. तिकडे मामा आपल्या खोलीत रेडिओ ऐकत बसले होते. घर एका देशात, आपण दुसऱ्यात, आणि दोन्ही देश एकमेकांशी बोलत नाहीत! दोघांमध्ये करार झाला तो ३१ डिसेंबर १९७४ रोजी, पोर्तुगालात क्रांती होऊन गेल्यावर. मामा १९७५ साली घरी आले तेव्हा त्यांची आई जाऊन सहा वर्षे झाली होती.

पण गाडीकडे वळतो. या गाडीचा शोध अमेरिकेतला. न्यू जर्सीच्या लिऑन कॅसिडी नावाच्या माणसाने १९२८ च्या सुमारास ती बनवली. युक्ती साधी. दोन रुळांऐवजी मधोमध एकच रूळ, त्याच्यावर विजेवर चालणारी छोटी गाडी. त्यामुळे ती जागच्या जागी काटकोनात वळू शकते आणि एवढ्याशा मांडवात लांबच लांब वाट मावते. वळणावर चाकाखाली कळ दाबली गेली की दिवा लागतो, काही तरी खडखडते. आपल्याला पीळ बसला असे पहिल्या प्रवाशांपैकी कोणी म्हणाला, म्हणून पीळदार पावाच्या नावावरून ती 'प्रेटझेल' झाली असे सांगतात. इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलला ती १९३० साली पोहोचली. तिथे हा पाव कोणाला ठाऊक नव्हता. आर्नल्ड रिडलीचे १९२३ चे 'द घोस्ट ट्रेन' हे नाटक मात्र गाजलेले होते, तेच नाव गाडीला मिळाले. लिस्बनच्या गाडीचे नाव त्याच वळणाचे.

आम्ही दोघे एका डब्यात बसलो. दार ढकलून गाडी आत गेली आणि मिट्ट काळोख. तोंडावरून ओले दोरे फिरले. वळणावर सांगाडा पेटला, तो इतका जुनाट की एका हाताला बोटेच नव्हती. मला हसू येत होते. इतक्यात मागून कोणी तरी, खरोखरचा माणूस, केरसुणी माझ्या मानेवरून फिरवून पळाला. मी ओरडलो. पण माझ्याहून मोठ्याने मामा ओरडले, "आवय गे!" आणि ओरडतच राहिले. पुढच्या वळणावर काही नव्हते तरी.

बाहेर आल्यावर घाम पुसत म्हणाले, "ती पहिली वर्षे... खोलीत मोठ्याने रडलो तर घरमालकीण दार वाजवायची. इथे मात्र कितीही बोंबल, कोण विचारत नाही. आणि बोंबलताना पोर्तुगीज सुचत नाही रे."

मला आमच्या गावच्या जत्रेतल्या दशावतारी काल्याचा संकासूर आठवला. नखशिखांत काळा, पोरांच्या अंगावर धावून येणारा. तो शेजारचा अमुक तमुक आहे हे माहीत असूनही आम्ही आजीच्या पदरात शिरत असू. भिण्यासाठी पदर लागतो! मामांना पदर उरला नव्हता, म्हणून तिकीट काढत होते. असो.

ऑक्टोबर २००३ मध्ये जत्रा कायमची बंद झाली. 'ओ सेकुलु' १९७७ सालीच बंद पडले होते. मग सुरू झाला जमिनीचा खेळ. महापालिका आणि एक खासगी कंपनी यांच्यात जागांची अदलाबदल, त्यावरून कोर्टकचेऱ्या, लिलावाला कोणी न फिरकणे. शहराच्या मध्यावर एवढी मोठी जागा वर्षानुवर्षे गवत खात पडली. २०१५ साली कार्नीद भागात नवी जत्रा वसवण्याची घोषणा झाली, ती कागदावरच राहिली. जुनी जागा डिसेंबर २०१८ मध्ये एका विमा कंपनीच्या समूहाने सुमारे २७ कोटी ४० लाख युरोंना घेतली. तिथे कचेऱ्या उभ्या राहणार असे ठरले. एवढी किंमत पाहून मला तर त्या केरसुणीवाल्याचीच आठवण झाली. त्याला रोज किती मिळत असेल?

२००९ साली मी पुन्हा लिस्बनला गेलो होतो. मामा सत्तरीपार, हातात काठी, तरी एन्त्रेकाम्पुशला जायचेच म्हणाले. कुंपणाच्या पत्र्याला एक फट होती. तिला डोळा लावून ते बराच वेळ पाहत राहिले. मग मी पाहिले. कमरेएवढे गवत, काँक्रीटचे तुकडे.

"गाडी तिथे, त्या भिंतीकडे," मामा म्हणाले.

"नाही मामा, खानावळीच्या अलीकडे. या बाजूला."

"तू एकदाच आलास. मी किती वेळा आलो, माहीत आहे?"

बस येईपर्यंत आमचे काही जमले नाही.