लेकीचें बोट धरून

गेल्या श्रावणांतील एका रविवारीं आम्ही गोंदियाहून डोंगरगडकडे जाणाऱ्या सकाळच्या गाडीनें दरेकशास निघालों होतों. पावसानें हाजरा धबधबा भरून वाहूं लागला, म्हणजे गोंदिया-आमगांवकडील मंडळी तो पाहावयास लोटतात; त्या दिवशींही गाडींत बरीच गर्दी होती. आमच्या समोरच्या बाकावर एक तिशीच्या आंतबाहेरची बाई आपल्या चार-पांच वर्षांच्या मुलास घेऊन बसली होती. पिशवींत पोळीभाजीचा डबा, पाण्याची बाटली, मुलासाठीं कोरड्या कपड्यांचा जोड, असा एका दिवसाच्या सहलीचा सारा सरंजाम तिनें केला होता. मुलाचे प्रश्न अखंड चालले होते आणि ती न कंटाळतां प्रत्येकास उत्तर देत होती. परंतु गाडी आमगांवास पोंचण्यापूर्वींच तिला स्वतःला तीन निरनिराळ्या प्रवाशांनीं एकच प्रश्न विचारला: "लेकराचे बाबा नाहीं आले कां, बाई?" दोन वेळां तिनें हंसून वेळ मारून नेली. तिसऱ्या वेळीं मात्र ती शांतपणें म्हणाली, "आम्ही दोघंच आहोत जी."

विचारणारांच्या मनांत कांहीं वाईट होतें असें नव्हे. आपल्याकडे चौकशी हाच ओळखीचा आरंभ असतो. परंतु उत्तर ऐकतांच सर्वांनीं खिडकीबाहेर पाहावयास सुरुवात केली, आणि आम्हीही तेंच केलें. धबधबा पाहून परत येतांना आम्हांस राहून राहून एका दुसऱ्या मायलेकीची आठवण होत होती. त्या दोघींच्या प्रवासास आतां सुमारें एकशेंचाळीस वर्षें झालीं आहेत. पण त्यांना विचारले गेलेले प्रश्न अगदीं जुने झालेले दिसत नाहींत.

पंडिता रमाबाईंचें नांव वाचकांस नवें नाहीं. त्यांचें पांडित्य, त्यांचें धर्मांतर, शारदासदन आणि त्याभोंवतीं उठलेलें वादळ यांवर आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु या सर्व घडामोडींत त्यांच्या कडेवर किंवा बोटाशीं एक लहान मूल होतें, ही गोष्ट आपण चरित्राच्या एका ओळींत सांगून पुढें जातों. आम्हांस वाटतें कीं, ती ओळ मध्यें ठेवून सारें चरित्र पुन्हां वाचावें.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे आणि आई लक्ष्मीबाई यांच्यामागून तीर्थेंच्या तीर्थें पायीं तुडवीत त्यांचें बाळपण गेलें; आईच्या तोंडून त्या संस्कृत शिकल्या. दुष्काळानें १८७४ च्या सुमारास आईबाप गेले. १८८० सालीं भाऊही गेला, आणि त्याच वर्षीं त्यांनीं बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशीं विवाह केला. १८८१ च्या एप्रिलांत मनोरमेचा जन्म झाला, आणि १८८२ च्या फेब्रुवारींत पटकीनें पति वारले. मुलगी तेव्हां दहा महिन्यांचीही झालेली नव्हती. माहेर नाहीं, सासरचा आधार नाहीं, अशा स्थितींत ही चोवीस वर्षांची स्त्री तान्हें मूल घेऊन पुण्यास आली.

पुण्यांत त्या एका वर्षांत त्यांनीं काय केलें पाहा. आर्य महिला समाज स्थापिला. हंटर आयोगापुढें साक्ष देऊन स्त्रियांसाठीं शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर तयार करण्याची मागणी केली. 'स्त्रीधर्मनीति' हें पुस्तक लिहिलें, आणि त्याच्या विक्रींतून विलायतेच्या प्रवासखर्चास हातभार लागला. आतां या यादीच्या बाजूस एक वर्षाच्या मुलीचा दिवस लिहून पाहावा. पहांटे उठणें, भरविणें, दांत येतांना रडणें, ताप, अंगाई. ज्या घरांत दहा माणसें असतात तेथें हें काम दहा हातांनीं होतें. येथें हात दोनच होते. इतिहासकार व्याख्यानाची तारीख नोंदवितो. व्याख्यान चालूं असतां मूल कोणाच्या मांडीवर होतें, हें तो विचारीत नाहीं. आमच्या मतें तोही इतिहासाचाच प्रश्न आहे. कारण आईला सभेस जातां येतें कीं नाहीं, हें पुष्कळदां त्याच्या उत्तरावर ठरतें.

१८८३ सालीं रमाबाई दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. बरोबर आनंदीबाई भगत नांवाची मैत्रीण होती. परंतु त्याच वर्षीं तिचा शोककारक अंत झाला आणि परक्या देशांत या मायलेकी पुन्हां दोघीच उरल्या. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठांत त्यांना आश्रय मिळाला आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत आईचा आणि मुलीचा बाप्तिस्मा झाला. पुढें रमाबाई चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयांत शिकूं आणि संस्कृत शिकवूं लागल्या. मुलगी वाँटेजला राहिली. पोट एका गांवीं आणि लेकरूं दुसऱ्या गांवीं, हें दुःख आज गोंदियाहून नागपूर किंवा पुण्यास नोकरीसाठीं जाणाऱ्या कित्येक आयांस समजावून सांगावें लागणार नाहीं.

या वियोगांतूनच खरा झगडा उभा राहिला. रमाबाई आणि वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांचा पत्रव्यवहार १९७७ सालीं महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें प्रसिद्ध केला आहे; त्याचें संपादन अ. भि. शहा यांनीं केलें. धर्ममतांवरील वाद त्यांत मोठे आहेतच. परंतु त्यांच्या जोडीला मनोरमेचा प्रश्न पुनःपुन्हां येतो. मुलीनें कोणत्या संस्कारांत वाढावें, कोणता धर्मविचार कसा तिच्या कानीं पडावा, ती आपल्या देशास परकी होणार नाहीं ना, आणि या सर्वांत अखेरचा शब्द कोणाचा? मठानें मुलीवर माया केली, तिचें पालनपोषण केलें. याबद्दल रमाबाई कृतघ्न नव्हत्या. परंतु उपकार घेतले म्हणून मातृत्वाचा अधिकार गहाण पडतो, हें त्यांनीं मान्य केलें नाहीं. एकट्या आईवर दया करणारे पुष्कळ भेटतात. दया करून तिच्या निर्णयांत हात न घालणारे थोडे भेटतात. त्या पत्रांतून आम्हीं शिकलेला हाच पहिला धडा होय.

१८८६ च्या आरंभीं, मुलीला बरोबर घेऊनच, त्या अमेरिकेस गेल्या. ११ मार्च रोजीं फिलाडेल्फियास आनंदीबाई जोशी यांना वैद्यकीची पदवी मिळाली, त्या समारंभास त्या हजर होत्या. मनोरमा तेव्हां पांच वर्षांचीही नव्हती. परंतु त्या देशांत गांवोगांव व्याख्यानें देत फिरावयाचें ठरलें, तेव्हां लेकीला पुन्हां वाँटेजला धाडणें भाग पडलें. त्याच काळांत रमाबाईंनीं फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा मनापासून अभ्यास केला. जिला आपल्या मुलीजवळ बसून खेळतां येत नव्हतें, ती आई दुसऱ्यांच्या मुलांना खेळांतून कसें शिकवावें हें शिकत होती. यावर भाष्य करण्याची गरज नाहीं. १८८९ च्या ११ मार्च रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें आणि पुढें आनंदीबाई कर्वे झालेल्या गोदूबाई तेथें शिकल्या. १८९६-९७ च्या दुष्काळांत रमाबाई मध्यप्रांतांत हिंडून निराधार मुली घेऊन केडगांवास आल्या. आजचा गोंदिया जिल्हा त्या काळीं ज्यांत मोडत असे, तो भंडारा जिल्हा याच मध्यप्रांताचा भाग होता. मनोरमा मोठी होऊन आईच्या कामांत उजवा हात बनली आणि शारदासदनाची प्रमुख झाली. परंतु १९२१ सालीं ती आईच्या आधींच गेली. पुढच्या एप्रिलांत रमाबाईंनींही देह ठेवला.

कोणी म्हणेल कीं, रमाबाई विदुषी होत्या, त्यांना परदेशचें साहाय्य होतें. सामान्य स्त्रीचें काय? आक्षेप योग्य आहे. म्हणून पार्वतीबाई आठवल्यांकडे पाहावें. त्या गोदूबाईंच्या सख्ख्या बहीण. ऐन तारुण्यांत वैधव्य आलें, पदरीं एक मुलगा. वयाच्या पंचविशीनंतर त्यांनीं अक्षरें गिरविलीं आणि पुढें हिंगण्याच्या आश्रमासाठीं दारोदार वर्गणी गोळा केली. आश्रमाच्या कामासाठीं त्या अमेरिकेंतही जाऊन आल्या. 'माझी कहाणी' या पुस्तकांत त्यांनीं आपला जीवनक्रम साध्या भाषेंत सांगितला आहे. रमाबाईंचा मार्ग आणि त्यांचा मार्ग भिन्न. परंतु आई शिकेल तर मूल उभें राहील, ही समजूत दोघींची एकच.

आणि आमच्या जिल्ह्यांतील कष्टकरी स्त्रिया? त्यांच्यांत घराबाहेर पडण्याची बंदी अशी कधींच नव्हती. धानाच्या रोवणीला बांधावरच्या झाडास लुगड्याची झोळी बांधून लेकरूं निजवावें, उन्हाळ्यांत तेंदूपत्ता तोडावयास रानांत जावें, आणि एरव्हीं मांडीवर सूप घेऊन हजारांच्या हिशेबानें विड्या वळाव्या, हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. नवरा मेला किंवा सोडून गेला तरी तो खंडला नाहीं. कित्येक जातींत पाट लावण्याची मोकळीकही होती. म्हणून विधवेनें कोपऱ्यांत बसावें हा सर्व समाजाचा नियम नव्हता. तो आम्हां पांढरपेशांचा नियम होता, आणि आम्हीं त्यासच समाज हें नांव दिलें. एकटी आई ही आधुनिक काळानें आणलेली नवलाई आहे, असें म्हणणारांनीं बांधावरची ती झोळी एकदां आठवावी.

मात्र मूल कायद्यानें कोणाचें, हा प्रश्न सर्वांस सारखाच भोंवला. १८५६ च्या पुनर्विवाहाच्या कायद्यानें विधवेला लग्नाची मोकळीक दिली; पण त्याच कायद्याच्या तिसऱ्या कलमाप्रमाणें, पतीनें मृत्युपत्रानें कोणी पालक नेमलेला नसेल तर त्याच्या आप्तांस न्यायालयांत जाऊन मुलांसाठीं दुसरा पालक मागतां येई. म्हणजे नवा संसार मांडणाऱ्या आईच्या हातून लेकरूं सुटण्याची भीति कायद्यानेंच घालून ठेविली होती. १९५६ च्या हिंदु अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानें पालक म्हणून आधीं पिता आणि 'त्याच्यानंतर' माता असा क्रम लाविला. १९९९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें गीता हरिहरन यांच्या खटल्यांत या 'नंतर' शब्दाचा अर्थ पित्याच्या मृत्यूनंतर असाच नसून, तो मुलाची काळजी वाहत नसेल तेव्हांही, असा केला. त्याच वर्षाच्या १ मे रोजीं आमचा गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला. २०१५ सालीं त्याच न्यायालयानें अविवाहित मातेस पित्याचें नांव न सांगतां पालकत्व मागण्याची वाट मोकळी केली. आणि महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानें १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांवर मुलाच्या नांवापुढें आधीं आईचें आणि मग वडिलांचें नांव येऊं लागलें.

हें लिहितांना आम्हांस आमचीच एक गोष्ट लपवितां येत नाहीं. बऱ्याच वर्षांपूर्वीं आम्ही एका महाविद्यालयांत प्रवेशाच्या टेबलावर बसलों होतों. एक मुलगा आईला घेऊन आला. अर्जावर आईची सही होती. आम्हीं नियमावर बोट ठेवून पित्याची सही मागितली. आई कांहीं बोलली नाहीं; मुलाचा चेहरा मात्र उतरला. दोन दिवसांनीं मामाची सही घेऊन तो एकटाच आला, आणि आम्हीं ती समाधानानें स्वीकारली. ज्या बाईनें अठरा वर्षें त्याला वाढविलें, तिची सही अपुरी, आणि कधींमधीं भेटणाऱ्या मामाची पुरेशी! रमाबाईंवर व्याख्यान देऊनच आम्ही त्या आठवड्यांत वर्गाबाहेर पडलों होतों, हें सांगतांना लाज वाटते. कायदा बदलतो तो न्यायालयांत. परंतु तो पाळला किंवा मोडला जातो तो टेबलावर, फलाटावर आणि गाडीच्या डब्यांत.

दरेकशास गाडी थांबली तेव्हां ती बाई आधीं उतरली आणि मग तिनें मुलाला खालीं घेतलें. दिवसभर ती दोघें आम्हांस अधूनमधून दिसत होतीं: कधीं दगडावर बसून डबा खातांना, कधीं तुषारांत भिजून हंसतांना. परतीच्या गाडींत योगायोगानें पुन्हां भेट झाली. मूल पेंगुळलें होतें. सकाळीं आम्ही गप्प बसलों होतों, त्याची भरपाई करावी म्हणून आम्हीं त्यालाच विचारलें, "काय पाहिलंस रे आज?" त्यानें डोळे उघडून दोन्ही हात पसरले आणि पाणी केवढें मोठें होतें तें दाखविलें. आई हंसली. एवढा एक प्रश्न आम्ही सारे सकाळींच विचारूं शकलों असतों.