लहान कॅमेऱ्याचा जमाखर्च

दिवाळीआधी माळा झाडायचा, ही आमच्या घरची जुनी रीत. गेल्या वर्षी माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आजीचा लग्नानंतरचा फोटो सापडला. तालुक्याच्या गावी स्टुडिओत जाऊन काढलेला. आजोबा खुर्चीत बसलेले, आजी शेजारी उभी, मागच्या पडद्यावर रंगवलेला राजवाडा. धाकट्या मुलीने तो पाहिला आणि विचारले, "बाबा, पणजी कुणावर रागावली आहे?"

आजी रागावलेली नव्हती. समोर तिपाईवर ते अवजड धूड, काळ्या कापडात डोके खुपसलेला माणूस, आणि "हलू नका" हा त्याचा हुकूम! हसायचे धैर्य तिला कोठून होणार? मुलीची समजूत पटली, पण माझे मन त्या प्रश्नापाशीच रेंगाळले. कॅमेरा तिपाईवरून उतरून माणसाच्या हातात आला तरी केव्हा? मी वाचू लागलो आणि थेट जर्मनीतल्या वेट्झलार गावी जाऊन पोहोचलो.

तेथे लाइट्झ यांचा सूक्ष्मदर्शकांचा कारखाना होता. १९११ साली ऑस्कर बार्नाक नावाचा एक कुशल यंत्रकार त्यात नोकरीला लागला. त्याला फोटोंचा भारी नाद, पण शरीरात दमा. काचांचा तो मोठा कॅमेरा पाठीवर घेऊन टेकड्या चढायच्या म्हणजे त्याला धाप लागे. तेव्हा त्याने विचार केला, की उचलायचे यंत्र लहान करावे, फोटोही लहानच घ्यावा, आणि कागदावर उतरवताना तो मोठा करावा. सिनेमाची पस्तीस मिलिमीटर रुंदीची फीत त्याला आयती मिळाली. सिनेमाच्या यंत्रात ती उभी सरकते. बार्नाकने ती आडवी सरकवली आणि चोवीस बाय छत्तीस मिलिमीटरची चौकट मिळवली. टपालाच्या मोठ्या तिकिटाएवढी! हा पहिला नमुना १९१३-१४ चा.

ते साल वाचले आणि मी थबकलो. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. दादासाहेबही मूळचे फोटोग्राफर. विनाभोकांची कोरी फीत विलायतेहून येई आणि घरी सरस्वतीबाई अंधारात बसून तिच्या कडांना भोके पाडीत. दोघांना एकमेकांचे नावही ठाऊक नसेल. पण दादरला आणि वेट्झलारला, जवळजवळ एकाच वेळी, दोन माणसे त्याच रुंदीच्या फितीशी झगडत होती. एकाला तिच्यातून हलते चित्र हवे होते, दुसऱ्याला थांबलेले.

पुढे महायुद्ध आले, मागोमाग जर्मनीतली ती भयंकर महागाई आली. अशा वेळी नवे यंत्र काढणे म्हणजे जुगारच. तरी १९२४ साली धाकट्या एर्न्स्ट लाइट्झ यांनी धोका पत्करायचे ठरवले, आणि १९२५ च्या वसंतात लाइपझिगच्या जत्रेत 'लायका' लोकांनी पाहिला. हा निर्णय झाला नसता तर बार्नाकचे यंत्र त्याच्या टेबलाच्या खणातच राहिले असते.

आता या यंत्राचा जमाखर्च मांडू. जमेला काय? ते कोटाच्या खिशात मावे, एकदा फीत भरली की छत्तीस फोटो निघत, आणि समोरच्याला त्याचा धाक वाटत नसे. खर्चाला काय? चित्र एवढेसे, त्यामुळे मोठे करताना फितीचा रवा दिसू लागे. पहिल्या लायकात अंतर नजरेने अदमासायचे. अंदाज चुकला की चेहरा पुसट. पाहायची खिडकी एकीकडे आणि भिंग दुसरीकडे, म्हणून जवळचा फोटो काढताना माणसाचे कपाळच कापले जाई. एवढे असूनही कार्तिए-ब्रेसाँसारख्या फ्रेंच कलावंताने १९३२ पासून हेच यंत्र जवळ बाळगले. ३० जानेवारी १९४८ रोजी तो दिल्लीत गांधीजींना भेटून गेला आणि त्याच संध्याकाळी तो घात झाला. त्यानंतरच्या शोकाकुल गर्दीत तो हेच लहान यंत्र घेऊन वावरला. तेथे तिपाई कोण मांडू देणार होते?

कपाळ कापले जाण्यावर लोकांनी जो उपाय शोधला तो आरशाचा. भिंगामागे तिरपा आरसा बसवला, की भिंगाला दिसते तेच डोळ्याला दिसते. मात्र फोटो निघण्याच्या क्षणी आरशाला वर उचलावे लागते, आणि नेमक्या त्याच क्षणी आपल्याला काही दिसत नाही! सुरुवातीच्या बऱ्याच यंत्रांत आरसा आपण होऊन खालीही येत नसे. जपानच्या असाही कंपनीने १९५४ साली आपल्या यंत्रात तो लगेच परतू दिला. १९५९ साली निकॉनचा 'एफ' आला आणि पुढे वार्ताहरांच्या गळ्यात हीच जात दिसू लागली. पण आरशाला हलायला जागा लागते. त्या निकॉनमध्ये भिंगाची बैठक फितीपासून साडेसेहेचाळीस मिलिमीटर दूर होती. यंत्र पुन्हा जाड झाले, आणि खटका दाबला की 'खटाक्' असा आवाजही करू लागले.

फीत गेली, तिच्या जागी प्रकाश टिपणारी चकती आली, तेव्हा आरशाची गरजच उरली नाही. चकतीला जे दिसते तेच इवल्या पडद्यावर डोळ्यापुढे धरता येऊ लागले. २००८ साली पॅनासॉनिकचा 'जी वन' आला. भिंगे बदलता येणाऱ्या बिनआरशाच्या या नव्या घराण्यातला तो पहिला. दहा वर्षांनी, २०१८ साली, निकॉननेही 'झेड' मालिकेत आरसा काढून टाकला आणि ते साडेसेहेचाळीसाचे अंतर सोळावर आणले. बार्नाकचा चोवीस बाय छत्तीस तेवढा कायम राहिला.

असाच एक लहान बिनआरशाचा कॅमेरा मी पगारातून पैसे बाजूला टाकून घेतला. मी चित्रकला शिकवतो. प्रकाशाचे शास्त्र दहावीच्या पुस्तकाबाहेर शिकलेलो नाही. पण गुण अनुभवाला आले. फोटो उजळ येणार की काळवंडणार, हे खटका दाबण्याआधीच दिसते. आवाज अजिबात नाही. शाळेच्या पिशवीत डब्याशेजारी तो बसतो. अवगुणही कळले. भिंग बदलताना उघड्या चकतीवर धूळ बसते. बिनआवाजी फोटोत ट्यूबलाइटचे काळे पट्टे उमटतात. आणि मोठा अवगुण म्हणजे भूक! आरशातून पाहायला वीज लागत नव्हती. पडद्यातून पाहायला ती सतत लागते. निकॉनने एका बॅटरीत किती फोटो निघतील याचे स्वतःच दिलेले आकडे पाहा: आरशाच्या 'डी ८५०' मध्ये १८४०, आणि बिनआरशाच्या 'झेड ७' मध्ये ३३०.

ही भूक मला एकदा फार महाग पडली. तीन वर्षांमागच्या भाऊबीजेला वडिलांचे मामा, वय वर्षे अठ्ठ्याऐंशी, बहिणीकडे आले होते. आजीने थरथरत्या हातांनी निरांजन उचलले, मी कॅमेरा डोळ्याला लावला, आणि पडदा काळा झाला. सकाळपासून चालू ठेवलेली बॅटरी संपली होती. दुसरी मी घेतलीच नव्हती. ओवाळणे झाले. मामांनी ताटात नोट टाकली. पुढच्या पोळ्याआधी आजी गेली. तो फोटो कायमचा राहिला.

पण जमेची बाजूही सांगितली पाहिजे. त्याच दिवाळीत, चार दिवस आधी, आजी चकल्यांजवळ बसली होती. सोऱ्यातून निघालेली चकली मोडली, सून कावरीबावरी झाली, आणि आजी तोंडाला पदर न लावता खळखळून हसली. मी दारात उभा होतो. मी फोटो काढला हे तिला शेवटपर्यंत कळले नाही. तिपाईचे धूड असते तर तिने आधी पदर सारखा केला असता, आणि मग ती पुन्हा राजवाड्यापुढे उभी राहिली असती.

यंदा दोन्ही फोटो मी एकाच चौकटीत बसवले आहेत. मुलीने विचारले, "ही तीच पणजी?" मी म्हटले, "तीच." आणि कॅमेऱ्याच्या पिशवीत या खेपेला दुसरी बॅटरी टाकली आहे.