कीटकनाशकांची आपत्कालीन मंजुरी

नेहमीच्या नोंदणीची वाट न पाहता, किंवा बंदी असतानाही, एखादे कीटकनाशक ठरावीक पिकावर, ठरावीक किडीसाठी व ठरावीक मुदतीपुरते वापरण्याची शासनाने दिलेली सूट. कीटकनाशकांची नोंदणी हे वर्षानुवर्षे चालणारे काम आहे. मधमाश्या, मासे, भूजल, फवारणी करणारा मजूर आणि धान्यात राहणारा अंश या सगळ्यांवरच्या परिणामांची तपासणी झाल्यावाचून परवाना मिळत नाही. कीड मात्र कागदपत्रांसाठी थांबत नाही, म्हणून बहुतेक देशांनी कायद्यात अशी पळवाट मुद्दाम ठेवली आहे. अमेरिकेच्या कीटकनाशक कायद्यात ती कलम १८ मध्ये आहे. युरोपीय संघाच्या २००९ च्या ११०७ क्रमांकाच्या नियमावलीत ती कलम ५३ मध्ये असून, इतर कोणत्याही रास्त उपायाने आवरता न येणारा धोका असेल तर सदस्य देशाला जास्तीत जास्त १२० दिवसांसाठी, मर्यादित आणि देखरेखीखालच्या वापराची परवानगी देता येते. ही तरतूद असावी की नसावी, हा खरा वाद नाही. जी कीड दरवर्षी येणार हे सर्वांना ठाऊक आहे, तिला आपत्ती म्हणायचे का, हा वाद आहे. आणि तो सर्वांत स्पष्टपणे पुढे आला तो शुगर बीटच्या पिकात.

महाराष्ट्रात साखर म्हणजे ऊस; उत्तर युरोपात ती बीटच्या कंदापासून काढतात. या पिकाला हिरवा मावा रस शोषून जितका त्रास देतो, त्याहून कितीतरी अधिक त्रास तो पसरवत असलेल्या विषाणूंमुळे होतो. पाने पिवळी पडून जाड व ठिसूळ होतात, कंद पोसत नाही आणि साखर घटते. रोग एकदा शिरला की त्यावर औषध नाही, त्यामुळे माव्याला रोप कोवळे असतानाच अडवावे लागते. ब्रिटनमधला प्रचलित निकष किती कडक आहे पाहा : रोपाला बारा पाने येईपर्यंत चार रोपांमागे एक बिनपंखी हिरवा मावा दिसला की फवारणी करायची. सोळा पानांनंतर रोप स्वतःच बरेच तग धरते. बियाण्यालाच थायामेथोक्झामसारख्या निओनिकोटिनॉइडची बीजप्रक्रिया केली की ते आंतरप्रवाही असल्याने रोपात भिनते आणि हे नाजूक आठवडे निभावून नेते. शेतात वाकून मावा मोजत बसायची गरज उरत नाही. २०१८ मध्ये मधमाश्यांना असलेल्या धोक्यामुळे युरोपीय संघाने इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम यांच्या उघड्या शेतातील वापरावर बंदी घातली. २०२० च्या सौम्य हिवाळ्यानंतर मावा लवकर उडाला आणि फ्रान्समध्ये बीटचे उत्पादन सुमारे तीस टक्क्यांनी, ब्रिटनमध्ये सुमारे पाव हिश्श्याने घसरले. त्या वर्षी उत्पादकांनी उठवलेला आवाज खोटा नव्हता, हे आधी मान्य केले पाहिजे.

फ्रान्सने डिसेंबर २०२० मध्ये कायदा बदलून २०२३ पर्यंत सवलतीची दारे उघडली. युरोपीय संघातून बाहेर पडलेल्या ब्रिटनने जुनीच नियमावली आपल्या कायद्यात कायम ठेवली होती. २०१८ मध्ये फेटाळलेली मागणी तिच्याच आधारे जानेवारी २०२१ मध्ये मान्य झाली. मात्र ब्रिटनने एक चांगली अट घातली. रॉथमस्टेड संशोधन संस्था हिवाळ्यातील तापमान आणि हवेतून मावा शोषून घेणाऱ्या उंच सापळ्यांतील नोंदी यांवरून रोगाचा अंदाज वर्तवते. हा अंदाज ठरलेल्या टक्केवारीच्या वर गेला तरच प्रक्रिया केलेले बियाणे पेरायचे. २०२१ मध्ये मर्यादा ९ टक्के होती, अंदाज ८.३७ टक्के निघाला आणि मंजुरी कागदावरच राहिली. २०२२ मध्ये मर्यादा १९ आणि अंदाज सुमारे ६९ टक्के, म्हणून बियाणे शेतात गेले. २०२३ मध्ये मर्यादा एकदम ६३ वर नेली, २०२४ मध्ये ६५ वर. दोन्ही वर्षी अंदाज तिच्याही वर गेला. कीड येण्याआधी धास्तीने औषध वापरण्याची बीजप्रक्रियेची मूळ खोड या अटीने निदान आकड्याला बांधली. ही या प्रकरणातली सर्वांत अनुकरणीय गोष्ट आहे, आणि मंजुरीच्या टीकाकारांनी तिला पुरेसे श्रेय दिलेले नाही.

पण अट कितीही शहाणी असली तरी सलग चार वर्षे मंजूर झालेली ‘आपत्ती’ ही आपत्ती उरत नाही. मावा नवा नव्हता, विषाणू नवे नव्हते, सौम्य हिवाळेही आता अपवाद राहिलेले नाहीत. बंदीमुळे पडलेली पोकळी कायमची होती आणि ती १२० दिवसांच्या तुकड्यांनी भरली जात होती. याचा परिणाम उलटा होतो. दर जानेवारीत सूट मिळण्याची आशा असेल तर रोगसहनशील वाणांसाठी, शेतातल्या मित्रकिडींसाठी किंवा मावा मोजण्याच्या कष्टासाठी पैसा आणि वेळ घालण्याची निकड कमी होते. ब्रिटनमधील तज्ज्ञ समितीने मधमाश्यांच्या धोक्यापुढे लाभ पुरेसा नसल्याचे सांगितले असतानाही मंत्र्यांनी २०२३ ची मंजुरी दिली. तारीखही बोलकी आहे. युरोपीय न्यायालयाने १९ जानेवारी २०२३ रोजी, बेल्जियममधून आलेल्या खटल्यात, स्पष्ट बंदी असलेल्या द्रव्याची प्रक्रिया केलेल्या बियाण्याला कलम ५३ खाली सूट देता येणार नाही असा निकाल दिला. ब्रिटनची त्या वर्षीची मंजुरी जाहीर झाली २३ जानेवारीला. फ्रान्सने त्याच महिन्यात तिसऱ्या वर्षीच्या सवलतीचा नाद सोडला.

या मताविरुद्ध सर्वांत वजनदार पुरावा युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचाच आहे. बीटसाठी दिलेल्या निओनिकोटिनॉइडच्या १७ मंजुऱ्या तपासून त्याने २०२१ मध्ये त्या सर्व समर्थनीय ठरवल्या : एक तर पर्याय नव्हता, किंवा एकाच पर्यायावर भिस्त ठेवली तर किडीत प्रतिकारशक्ती येण्याची भीती होती. दुसरी भीती पोकळ नाही. पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकांना हा मावा केव्हाच निर्ढावलेला आहे. तरीही प्राधिकरणाने उत्तर दिले ते ‘यंदा पर्याय आहे का’ या प्रश्नाचे. ‘पर्याय का तयार झाला नाही, आणि कधी होईल’ हे विचारणे त्याच्या कामात बसत नव्हते. शिवाय सगळ्याच मंजुऱ्या या कसोटीला उतरल्या असे नाही. आधीच्या तपासणीत काही असमर्थनीय आढळल्या, आणि २०२० मध्ये युरोपीय आयोगाने रोमानिया व लिथुआनियाला तशा मंजुऱ्या पुन्हा देण्यास मनाई केली.

दुसरा आक्षेप असा, की बीट पहिल्या वर्षी फुलत नाही, फुलण्याआधीच काढले जाते, मग मधमाशीचा संबंध काय? संबंध मातीतून येतो. बियाण्यावरच्या औषधाचा लहानसाच हिस्सा रोप घेते, उरलेले जमिनीत राहते आणि पुढच्या पिकाच्या किंवा बांधावरच्या रानफुलांच्या परागात उतरू शकते. म्हणूनच तर ब्रिटनच्या मंजुरीत ३२ महिने त्या शेतात फुलोऱ्याचे पीक न घेण्याची अट होती. १२० दिवसांच्या परवान्याला ३२ महिन्यांची पथ्ये लागतात, यातच धोका त्या मुदतीत मावत नसल्याची कबुली आहे. तिसरा आक्षेप व्यापाराचा आहे : आपल्याकडे बंद असलेले औषध वापरून पिकवलेला माल बाहेरून येत असेल तर शेतकऱ्याने एकट्याने का मरावे? तक्रार रास्त आहे, उपाय मात्र सवलतीत नाही. २०२३ मध्ये युरोपीय संघाने थायामेथोक्झाम व क्लोथियानिडिनच्या अंशाची मर्यादा मोजता येईल इतक्या किमान पातळीवर आणली, ती मार्च २०२६ पासून आयात मालालाही लागू केली. हा रस्ता लांबचा असला तरी दिशा तीच आहे. फ्रान्समध्ये हा राग शमला नाही. २०२५ मध्ये संसदेने अॅसिटामिप्रिड या दुसऱ्या निओनिकोटिनॉइडला पुन्हा वाट करून देणारा कायदा केला, त्याविरुद्धच्या अर्जावर वीस लाखांहून अधिक सह्या झाल्या आणि ऑगस्टमध्ये घटना परिषदेने ते कलम रद्द केले.

खरी आपत्ती कशी असते, याचे उदाहरण भारतात सापडते. २०१८ मध्ये कर्नाटकात मक्यावर अमेरिकन लष्करी अळी प्रथम आढळली आणि त्याच वर्षी ती महाराष्ट्रात पोचली. देशात ती नवी असल्याने कोणत्याही औषधाला तिच्यासाठी लेबल क्लेम, म्हणजे त्या किडीवर वापरण्याची अधिकृत मान्यता, नव्हता. अळी मक्याच्या पोंग्यात शिरून बसते, तिथे उशीर परवडत नाही. केंद्रीय नोंदणी समितीने इमामेक्टिन बेंझोएट, स्पिनेटोरम, क्लोरअँट्रानिलीप्रोल यांसारख्या, इतर पिकांसाठी आधीच नोंदलेल्या औषधांना तदर्थ मान्यता दिली, हे योग्यच झाले. मात्र अळी आता इथलीच झाली आहे, आणि इथल्या किडीसाठी पूर्ण चाचण्यांवर आधारलेली नियमित नोंदणीच हवी. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यातील विषमता इथे नोंदवावीशी वाटते. प्रथमच येणाऱ्या कीटकनाशकाला कलम ९(३ब) खाली दोन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळू शकते. पण घातक वाटणारे औषध राज्याला कलम २७ खाली जेमतेम ६० दिवस, फार तर आणखी ३० दिवस थांबवता येते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा राज्य सरकारच्या हातात असलेले हत्यार एवढ्याच मुदतीचे होते.

पुन्हा बीटकडे वळायचे तर, ब्रिटनने २३ जानेवारी २०२५ रोजी पाचव्या वर्षीची मागणी फेटाळली. उत्पादकांकडे आता फ्लोनिकॅमिडची फवारणी, काही सहनशील वाण आणि चार रोपांमागे एक मावा हा निकष उरला आहे.