मोडीतून वाचलेला इतिहास : अहिल्यानगर जिल्ह्यातील धातूंचे गुणधर्म, अभिक्रिया व उपयोग

प्रस्तावना

पुणे–अहिल्यानगर महामार्गावरील सुपा हे पारनेर तालुक्यातील गाव आज औद्योगिक वसाहतीमुळे सर्वपरिचित आहे. परिसरातील पठारावर पवनचक्क्याही उभ्या आहेत. त्यांचे पोलादी मनोरे, जनित्रांतील तांब्याची वेटोळी आणि कारखान्यांत घडणारे सुटे भाग पाहता हा धातूंचा प्रदेश आहे असे वाटावे. वस्तुस्थिती उलट आहे. दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकात तांबे किंवा कथील काढता येईल असे धातुक नाही. त्यामुळे या जिल्ह्यातील धातूंचा इतिहास हा खाणींचा नसून बाहेरून आलेल्या धातूचा आणि तो हाताळणाऱ्या स्थानिक कौशल्याचा इतिहास आहे. दुर्मीळ धातू फेकला जात नाही. तो पुन्हा मुशीत जातो. म्हणून येथे उरलेली प्रत्येक प्राचीन धातुवस्तू ही भट्टीतून निसटलेला पुरावा होय. तो कसा वाचावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रवराकाठचे तांबे

संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे तांब्याच्या सपाट कुऱ्हाडी व एक बांगडी मिळाली. डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. शां. भा. देव यांनी 1950-51 मध्ये तेथे उत्खनन केले आणि एका ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला जोर्वे हे नाव मिळाले. रासायनिक विश्लेषणात एका कुऱ्हाडीत दोन टक्क्यांहून कमी कथील आढळले. हे प्रमाण लक्षणीय आहे. शुद्ध तांबे मऊ असते. सुमारे दहा टक्के कथील मिसळल्यास ते कठीण होते व त्याला धार टिकते. दोन टक्क्यांहून कमी कथिलाने फारसा फरक पडत नाही. त्यामुळे ते हेतुपूर्वक मिसळले, की कथीलयुक्त जुनी वस्तू वितळवताना आपोआप आले, असा प्रश्न उद्भवतो. केवळ आकार पाहून याचे उत्तर मिळत नाही.

नेवासे येथे 1954 ते 1956 या काळात झालेल्या उत्खननात मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तीन हजार वर्षांहून अधिक काळ लोटूनही मण्यांतील धाग्याचे अवशेष टिकले होते. अ. ना. गुलाटी यांनी केलेल्या तपासणीत त्यात रेशीम व कापूस यांचे तंतू ओळखले गेले. एरवी असे तंतू मातीत कुजून जातात. येथे तांब्याची क्षारे धाग्यात मुरली आणि ती जिवाणू व बुरशी यांना मारक असल्याने धागा वाचला. धातूच्या क्षरणाने वस्त्राचा इतिहास जपावा, हे रसायनशास्त्र आणि इतिहास यांच्या परस्परसंबंधाचे बोलके उदाहरण आहे.

दायमाबादचा वाद

श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद येथे 1974 मध्ये बैलजोडीचा रथ व सारथी, हत्ती, गेंडा आणि म्हैस अशी चार भरीव ओतीव शिल्पे सापडली. त्यांचे एकत्रित वजन साठ किलोग्रॅमपेक्षा अधिक आहे. मात्र ती नियोजित उत्खननात, स्तरांच्या संदर्भासह मिळाली नव्हती. शि. रं. राव, एस. ए. साळी व म. के. ढवळीकर यांनी ती उत्तर हडप्पा काळातील मानली. डी. पी. अग्रवाल यांनी मात्र धातूत एक टक्क्याहून अधिक आर्सेनिक असल्याकडे लक्ष वेधून या कालनिश्चितीविषयी शंका व्यक्त केली. अन्य ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत असे मिश्रण दिसत नाही, असा त्यांचा मुद्दा होता.

आर्सेनिक हे धातुसदृश मूलद्रव्य आहे. ते तांब्याला कठीण करते, परंतु उघड्या भट्टीत त्याचे ऑक्साइड वाफ होऊन निघून जाते. म्हणजे प्रत्येक पुनर्वितळणीत धातूची मूळ ओळख अधिकाधिक पुसट होते. अभ्यासकाने टक्केवारी अंतिम निर्णय म्हणून न स्वीकारता उलटतपासणी आवश्यक असलेली साक्ष म्हणून स्वीकारावी, हा या वादाचा धडा होय.

तोफ : धातू आणि अधातू

निजामशाहीच्या काळात 1549 मध्ये अहमदनगर येथे मुहम्मद बिन हसन रूमी याने मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ ओतली. तिचे वजन सुमारे 55 टन असून तिच्या धातूत अंदाजे 80 टक्के तांबे व 20 टक्के कथील आहे. हे प्रमाण घंटेच्या काशाचे आहे. असे कासे तांब्यापेक्षा कमी तापमानास वितळते आणि साच्यात चांगले पसरते. पण ते ठिसूळही असते. ही उणीव भरून काढण्यास तोफेच्या भिंतींची प्रचंड जाडी उपकारक ठरली असावी.

तोफेची दारू म्हणजे सोरा, गंधक व कोळसा यांचे मिश्रण. गंधक व कोळशातील कार्बन हे अधातू जळतात, सोरा त्यासाठी ऑक्सिजन पुरवतो. त्यातून उसळणाऱ्या वायूंचा दाब कोंडण्याचे काम धातूने करायचे. दोहोंच्या गुणधर्मांचा मेळ बसला तरच तोफ उपयोगी, अन्यथा ती स्वतःच फुटणार.

पुढे ही तोफ परांड्याहून विजापूरला गेली. 1854 मध्ये तिचा लिलाव पुकारला गेला, तेव्हा बोली 150 रुपयांपर्यंतच पोहोचली. ही विक्री रद्द झाली म्हणून तोफ आज विजापुरात पाहता येते.

निष्कर्ष

मराठीत ‘मोडीत काढणे’ हा वाक्प्रचार रूढ आहे. जुनी तांब्या-पितळेची भांडी देऊन नवी घेण्याच्या व्यवहारात मोडीला वजनाचा भाव मिळतो, घडणीचा नाही. धातूचे वितळणे हा गुण अर्थव्यवहारास तारक, पण इतिहासास मारक ठरतो. सुप्याच्या वसाहतीतही धातू बाहेरूनच येतो व त्याचे भंगार पुन्हा भट्टीकडे जाते. ही साखळी खंडित करण्याचे कारण नाही. परंतु जिल्ह्यातील वाड्यांत, देवळांत व घरांत उरलेल्या जुन्या धातुवस्तू मोडीत जाण्यापूर्वी त्यांची नोंद व्हावी आणि शक्य तेथे विश्लेषणही व्हावे. महाविद्यालयांतील इतिहास व रसायनशास्त्र विभागांनी एकत्र येऊन हाती घ्यावे असे हे काम आहे. कारण मुशीत गेलेल्या वस्तूचे वजन उरते, इतिहास उरत नाही.