एका चिपचे जनकत्व

शोधाचा जनक एकच असावा, अशी इतिहासकारांस, आणि त्यांच्याहूनही वृत्तपत्रांस, मोठी हौस असते. वाफेच्या यंत्राचा विषय निघाला की वॅटचे नाव ओठांवर येते. त्याच्या आधी अर्धशतकभर इंग्लंडातील खाणींचे पाणी उपसणारे न्यूकोमेनचे यंत्र कोणाच्या ध्यानीही नसते. ज्या मायक्रोप्रोसेसरवाचून आज आमच्या घरातील कपडे धुण्याचे यंत्रही हलत नाही, त्याचा जन्म तर अवघ्या पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीचा. घडविणारांपैकी काहींनी आपली हकीकत स्वतःच सांगून ठेवली आहे. तरीही त्याच्या श्रेयाचा वाद किती वर्षे चालला हे पाहिले म्हणजे जुन्या इतिहासाविषयी काही ठामपणे बोलण्याचा धीर होत नाही.

१९६९ साली बिझिकॉम ह्या जपानी कंपनीने आपल्या कॅल्क्युलेटरांसाठी चिपा करून देण्याचे काम कॅलिफोर्नियातील इंटेल कंपनीस दिले. इंटेल त्या वेळी जेमतेम वर्षाची होती. जपानी अभियंत्यांचा बेत निरनिराळ्या कामांच्या अनेक चिपांचा होता. तो पाहून टेड हॉफ ह्यांनी सुचविले की, प्रत्येक कामास वेगळी चिप कशाला? सर्वसाधारण कारभार पाहणारी एकच चिप करावी, आणि कोणते काम करायचे ते तिला स्मृतीतील आज्ञांनी सांगावे. स्टॅन मेझर ह्यांनी ह्या विचारास आकार देण्यास साहाय्य केले. कल्पना मोठी होती, ह्यात शंका नाही. परंतु ते दोघेही प्रत्यक्ष चिप रेखाटणारे नव्हते. कित्येक महिने हे काम कागदावरच पडून राहिले.

एप्रिल १९७० मध्ये फेडेरिको फाजीन इंटेलमध्ये रुजू झाले. वय अठ्ठावीस, मूळचे इटलीतील विचेंत्सा गावचे, पादुआ विद्यापीठाचे पदवीधर. ह्यापूर्वी फेअरचाइल्ड कंपनीत असताना त्यांनी एक महत्त्वाची कृती सिद्ध केली होती. ट्रान्झिस्टर म्हणजे विजेच्या वाटेवरचे फाटक. हे फाटक धातूचे न करता सिलिकॉनचे केले, तर ते नेमके जागेवर बसते, चपळाईने उघडते-मिटते, आणि तेवढ्याच जागेत अधिक फाटके मावतात. ह्या कृतीवाचून हॉफ ह्यांची कल्पना त्या काळी एका चिपवर उतरलीच नसती, असे फाजीन ह्यांचे म्हणणे आहे. आम्हांस त्यात अतिशयोक्ती दिसत नाही.

त्यांच्या पाठोपाठ मासातोशी शिमा हे बिझिकॉमचे अभियंते झालेले काम तपासण्यास जपानहून आले. तपासण्याजोगे काहीच नाही हे कळताच ते संतापले, आणि ते साहजिकच होते. पुढे मात्र ह्याच गिऱ्हाइकाच्या माणसाने महिनोन्महिने फाजीन ह्यांच्या शेजारी बसून तर्करचनेत हात दिला. वर्षअखेरीस पहिल्या चकत्या कारखान्यातून आल्या, त्या मुक्या निघाल्या. एक थरच द्यावयाचा राहून गेला होता! जानेवारी १९७१ मध्ये दुसऱ्या चकत्या आल्या आणि चिप चालली. सुमारे २३०० ट्रान्झिस्टरांची ही '४००४'. तिच्या कडेला फाजीन ह्यांनी आपली आद्याक्षरे कोरून ठेवली होती. आमच्या वेरूळच्या पाथरवटांस अशी बुद्धी झाली असती, तर संशोधकांचे किती श्रम वाचते!

ही चिप बिझिकॉमखेरीज कोणास विकण्याची इंटेलला मुभा नव्हती. किंमत कमी करण्याच्या बदल्यात तो हक्क परत मिळाला, आणि नोव्हेंबर १९७१ मध्ये ४००४ची जाहिरात झळकली. १९७४ साली फाजीन इंटेल सोडून गेले. त्यांनी स्थापिलेल्या झायलॉग कंपनीची झेड-८० ही चिप १९७६ मध्ये इंटेलच्याच बाजारात उतरली. शिमाही तोवर त्यांच्याकडे आले होते.

आपण गेल्यावर इंटेलने आपले नाव इतिहासातून वगळले, असे फाजीन ह्यांचे गाऱ्हाणे आहे. कित्येक वर्षे जनक म्हणून हॉफ ह्यांचाच गौरव होत राहिला, हे खरे. दरबार सोडून गेलेल्या सरदाराविषयी दरबारी बखर कशी लिहिली जाते हे मराठी वाचकांस सांगावयास नको. फाजीन ह्यांच्या पत्नीने कागदपत्रे जमवून ह्या विस्मृतीशी दीर्घकाळ झगडा केला. चिपवरील ती दोन अक्षरे साक्षीला होतीच. मात्र हॉफ ह्यांस केवळ कल्पना सुचविणारे म्हणून बाजूस सारणेही आम्हांस मान्य नाही. ती कल्पना नसती तर फाजीन ह्यांनी आपल्या कौशल्याने कॅल्क्युलेटरच्या उत्तम चिपा केल्या असत्या, आणि जग जेथल्या तेथे राहिले असते.

१९९७ साली जपानच्या क्योतो पारितोषिकाने चौघांचाही एकत्र सन्मान केला. २०१० मध्ये वॉशिंग्टन येथे राष्ट्राध्यक्ष ओबामा ह्यांनी राष्ट्रीय पदक दिले ते फाजीन, हॉफ आणि मेझर ह्यांस. शिमा त्यांत नव्हते.